नाताळ ज्यांना जड जातो : कै. नारायण वामन टिळक ह्यांचे चरित्र



डिसेंबर महिना लागला म्हणजे आमच्या निगडीत घरोघरी कागदी तारे टांगले जातात, आणि मंडळीतील तरुण ढोलकी व टाळ घेऊन रात्री गीते गात फिरू लागतात. नगर जिल्ह्यातून, मराठवाड्यातून व खानदेशातून पोटासाठी आलेली कुटुंबे येथे पुष्कळ आहेत. पिंपरी, चिंचवड, भोसरी व चाकण येथील कारखान्यांवर त्यांचा चरितार्थ चालतो. गावाकडच्या देवळात ज्या चाली त्यांनी लहानपणी ऐकल्या, त्याच चालींवर ती येथे प्रभूच्या जन्माची गीते गातात, आणि ते ऐकून मन भरून येते.

अशाच एका डिसेंबरात आम्ही घरोघरी जात असता एका बांधवाचे दार बंद आढळले. शेजारी विचारता असे समजले की, हा मनुष्य ह्या दिवसांत कारखान्यात मुद्दाम रात्रपाळी मागून घेतो. आमच्यापैकी एकाने तेथेच त्याच्या विश्वासाविषयी शंका बोलून दाखवली, आणि कबूल करावयास हवे की मीही त्या वेळी गप्प राहिलो. पुढे खुद्द त्याच्या तोंडून खरे कारण कळले. त्याने बाप्तिस्मा घेतल्यापासून गावाकडील आईने त्याचे तोंड पाहिले नव्हते. इतर दिवशी कामाच्या गडबडीत तो हे दुःख विसरे. परंतु सणाच्या रात्री, घरोघरी ताटे वाढली जात असता, त्याला ते सोसवत नसे.

असे लोक आपल्या मंडळ्यांत थोडे नाहीत. कोणाच्या घरचे माणूस त्या वर्षी गेलेले असते. कोणाच्या घरी मुलांना नवे कपडे करावयास पैसा नसतो, आणि शेजाऱ्याची रोषणाई पाहून कर्ज काढावे लागते. कोणाला हा सर्व थाट परक्या देशाचा वाटतो व त्यात आपले मन रमत नाही असे तो म्हणतो. आणखी काही असे असतात की, ह्या तारखेला शास्त्रात आधार नाही म्हणून ती पाळणेच त्यांना अप्रशस्त वाटते. ह्या सर्वांना एकाच मापाने मोजून आपण त्यांस थंड विश्वासाचे ठरवतो. हे योग्य आहे काय? ह्या प्रश्नाचा विचार करिताना मला कै. नारायण वामन टिळक ह्यांचे चरित्र आठवले. ते आपल्यातील बहुतेकांना नावाने व गीतांवरून ठाऊक आहे. परंतु ह्या दृष्टीने ते पुन्हा एकदा पाहावे, म्हणून येथे थोडक्यात सांगतो.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव स्वभावाने कडक होते. आई जानकीबाई प्रेमळ व भाविक होती, आणि मुलाच्या मनात कवितेचे बीज तिनेच पेरिले. पण हे आईचे छत्र फार दिवस राहिले नाही. ती बालपणीच अंतरली, आणि घराचा आधार तुटलेला तो मुलगा नाशिकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशी त्याचे संस्कृत अध्ययन झाले. पुढील आयुष्यात टिळकांच्या घरात अनाथ मुलांना जी जागा मिळाली, तिचे मूळ ह्या पोरक्या दिवसांत असले पाहिजे, असे मला वाटते.

इ. स. 1880 मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. हीच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून महाराष्ट्रास परिचित झाली. टिळकांचा स्वभाव एका ठिकाणी स्थिर राहण्याचा नव्हता. कधी शिक्षक, कधी कीर्तन, कधी ग्रंथलेखन असे करीत ते गावोगाव फिरत, आणि पत्नी माहेरी व नातलगांकडे दिवस काढी. त्यांची काही अपत्ये लहानपणीच गेली. 1891 साली झालेला मुलगा दत्तात्रेय तेवढा वाचला. नागपूर येथे श्रीमंत आप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयाने टिळक वेदविषयक ग्रंथांचे काम करीत होते. धर्माचा शोध त्यांच्या मनात अखंड चालू होता. जातिभेदाने देशाची हानी होत आहे, आणि माणसांस एकत्र बांधणारा धर्म हवा, असा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना.

1893 साली नागपुराहून राजनांदगावाकडे जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका गोऱ्या सहप्रवाशाशी गाठ पडली. त्याने ह्या ब्राह्मण पंडिताशी सभ्यपणे संभाषण केले व नव्या कराराची एक प्रत त्यास दिली. टिळकांनी ते पुस्तक वाचावयास घेतले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. आपण ज्याच्या शोधात होतो तो गुरू येथे आहे, अशी त्यांची खात्री होत चालली. अखेर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस अमेरिकन मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, व तोही आपल्या इच्छेने एका एतद्देशीय पाळकाच्या हातून.

येथपर्यंतची हकीगत आपण उपदेशात वारंवार सांगतो, आणि येथेच थांबतो. परंतु ज्यांना नाताळ जड जातो त्यांच्याकरिता ह्या पुढचीच हकीगत महत्त्वाची आहे.

बाप्तिस्म्याची बातमी कळताच लक्ष्मीबाईंवर जणू आकाश कोसळले. शोकाने भ्रम होण्याची पाळी आली. नातलगांनी त्यांना लहान दत्तूसह पंढरपुरास नेले. नवरा जिवंत आहे, पण संसार मोडला आहे. सौभाग्य आहे, पण त्याच्या घरी जाता येत नाही, अशी त्या बाईची विलक्षण अवस्था झाली. इकडे टिळकांना नवी मंडळी मिळाली, नवे काम मिळाले, अहमदनगर येथे शिकवण्याची व लिहिण्याची संधी मिळाली. (आज त्या शहरास अहिल्यानगर म्हणतात.) परंतु पत्नी व मुलगा जवळ नव्हते. जुन्या आप्तेष्टांची दारे बंद झाली होती. ही ताटातूट काही महिन्यांची नव्हती. ती वर्षानुवर्षे चालली. त्या काळात एकामागून एक नाताळ आले व गेले. ज्या प्रभूसाठी टिळकांनी घर सोडले त्याच्याच जन्माचा सण जेव्हा येई, तेव्हा त्या सणाबरोबर रिकामा पाटही डोळ्यांपुढे येई.

वाचकहो, ह्या गोष्टीचा नीट विचार करा. टिळकांचा विश्वास अढळ होता. त्यांचे प्रभूवरील प्रेम त्यांच्या भजनांतून आजही आपल्याला ऐकू येते. तरीही विश्वासाने त्यांच्या घरातील पोकळी त्याच दिवशी भरून निघाली नाही. तेव्हा सणाच्या दिवशी मन जड होणे हा अविश्वास नव्हे. पुष्कळदा ते विश्वासासाठी दिलेल्या किमतीचे ओझे असते. ज्याने काहीच सोडले नाही त्याला हा सण सोपा जातो. ज्याने आई सोडली, भावंडे सोडली, त्याला तो कठीण जातो. मग ह्या दोघांपैकी कोणाचा विश्वास थंड म्हणावयाचा?

ही ताटातूट शेवटी कशी मिटली, तेही पाहण्यासारखे आहे. टिळकांनी पत्नीवर जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाई पुन्हा नांदावयास आल्या तेव्हा त्या हिंदूच होत्या व आपले सोवळे पाळीत होत्या. त्यांच्या मनातील बदल त्यांच्या स्वतःच्या पावलांनी झाला. माणसामाणसांत उच्चनीच असा भेद देवाने केलेला नाही, हे त्यांना पटले, मग सोवळे गळून पडले, आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो काळ भयंकर दुष्काळाचा होता. टिळकांच्या घरात त्या दिवसांत निराधार मुलांना आसरा मिळाला. जे घर एकदा रिकामे झाले होते ते अशा रीतीने परक्या लेकरांनी भरले.

आता दुसऱ्या कारणाकडे वळू. ज्यांना शास्त्राधाराच्या अभावी नाताळ पाळणे पसंत नाही, त्यांस आपण विचित्र समजतो. परंतु ज्या मिशनच्या मंडळीत टिळकांचा बाप्तिस्मा झाला त्या मिशनचा इतिहास काय सांगतो? अमेरिकन मराठी मिशनचे पहिले सेवक 1813 साली मुंबईस आले, आणि 1831 साली अहमदनगर येथे त्यांचे काम सुरू झाले. हे लोक अमेरिकेच्या न्यू इंग्लंड प्रांतातील मंडळ्यांनी पाठवलेले होते. त्या मंडळ्यांचे पूर्वज प्युरिटन होते, आणि प्युरिटन लोक नाताळ मुळीच पाळीत नसत. 25 डिसेंबर ही तारीख पवित्र शास्त्रात कोठेही नाही. त्या दिवशी लोक दारू पितात, जुगार खेळतात व दंगा करितात. सबब हा दिवस देवाच्या आज्ञेचा नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. मॅसॅच्युसेट्स येथे 1659 साली नाताळ पाळणाऱ्यास 5 शिलिंग दंडाचा कायदा झाला. तो 1681 साली रद्द झाला खरा, पण त्या प्रांतात नाताळला कायदेशीर सुटी मिळाली ती 1856 साली. स्कॉटलंडमध्येही तीच गोष्ट. तेथे तर नाताळची सार्वजनिक सुटी 1958 साली सुरू झाली.

म्हणजे ज्यांनी आपल्या पूर्वजांना शुभवर्तमान दिले त्यांच्याच वाडवडिलांनी कित्येक पिढ्या नाताळ केला नव्हता. ते प्रभूवर प्रेम करीत नव्हते असे कोण म्हणेल? तारीख मनुष्यांनी ठरवली, हे खरेच आहे. रोम शहरात 25 डिसेंबरला प्रभूचा जन्मदिवस मानीत असल्याचा जुना दाखला इ. स. 336 चा आहे. नाताळ हा शब्द देखील आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला. तेव्हा दिवस पाळणाऱ्याने न पाळणाऱ्याचा न्याय करू नये, आणि न पाळणाऱ्याने पाळणाऱ्यास तुच्छ मानू नये. पौलाने रोमकरांस हाच धडा घालून दिला आहे.

तिसरे कारण परकेपणाचे. ह्या बाबतीत टिळकांचे आयुष्य म्हणजे एक मोठे उत्तरच आहे. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेब होणे नव्हे, हे त्यांनी जन्मभर सांगितले व आचरून दाखवले. त्या काळी आपल्या उपासनेत परक्या चालींची, इंग्रजीवरून भाषांतर केलेली गीते पुष्कळ असत. खेड्यातील बाईला त्यांचा अर्थ कळला तरी त्यांत जीव ओतता येत नसे. टिळकांनी अभंग व पदे रचली, आणि भजन व कीर्तन ह्या आपल्या देशी साधनांना प्रभूच्या सेवेस लावले. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, असे ते मानीत. आम्हा निगडीकरांना तर हे चटकन समजावे. देहू येथून हाकेच्या अंतरावर आहे. दर वर्षी तुकोबांची पालखी देहूहून निघून आमच्याच रस्त्याने आकुर्डीस मुक्कामाला जाते, आणि टाळमृदंगाचा तो नाद आमच्या घरात शिरतो. त्या नादात वाढलेल्या माणसाला बर्फाच्या व देवदाराच्या चित्रांत प्रभू दिसला नाही, तर दोष त्याचा नव्हे. त्याला त्याच्या भाषेत प्रभू दाखवावयाचे काम आपले आहे. टिळकांनी कुरकुर करून सण सोडला नाही. आपल्या लोकांना गाता येईल असे त्यांच्या हाती दिले.

चौथे कारण खर्चाचे. टिळकांच्या घरी पैसा कधी टिकला नाही. दारी आलेल्या याचकास जे असेल ते देऊन मोकळे होण्याची त्यांची रीत होती, आणि संसाराचा ओढा लक्ष्मीबाईंना ओढावा लागे. अशा घरात थाट कोठून असणार? पण त्या घराचे दार उघडे असे, आणि पानावर एक माणूस अधिक बसले तर कोणास आश्चर्य वाटत नसे. 1907 साली जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात टिळकांनी त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या एका कोवळ्या मुलाची कविता ऐकली. हाच पुढे बालकवी म्हणून गाजला. टिळक पतिपत्नींनी त्याला अहमदनगर येथे आपल्या घरी पुत्राप्रमाणे ठेवून घेतले. तो हिंदू होता व हिंदूच राहिला; त्यामुळे त्यांच्या मायेत काही उणे पडले नाही. सणाचा खरा थाट दिव्यांच्या माळांत असतो की पानावर बसवलेल्या ह्या एका अधिक माणसात असतो, हे ज्याचे त्याने ठरवावे.

1904 साली टिळकांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. 1912 पासून मृत्यूपर्यंत ते ज्ञानोदय पत्राच्या मराठी भागाचे संपादक होते. 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला व सातारा येथे देवाचा दरबार ह्या नावाने एक बंधुसमाज उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे प्रभूवर प्रेम करणारे सर्व लोक त्यात एकत्र यावेत, अशी त्यांची इच्छा होती. घर व मंडळी ह्यांच्यामध्ये जी भिंत उभी राहते तिचा चटका त्यांनी स्वतः सोसला होता. ती भिंत थोडी तरी खाली यावी, ही तळमळ त्यामागे होती.

5 मे 1918 रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीच्या अपघातात बालकवी गेले. वय अवघे सत्तावीस. त्याच वर्षी महायुद्ध संपले, परंतु इन्फ्लुएन्झाच्या साथीने देशातील लाखो घरांत मृत्यू शिरला. त्या डिसेंबरात जो नाताळ आला तो टिळकांच्या आयुष्यातील शेवटचा. पुत्राप्रमाणे वाढवलेला कवी त्या वर्षी नव्हता, आणि गावोगावच्या मंडळ्यांत कोणी ना कोणी नाहीसे झाले होते. पुढे पाच महिने लोटले नाहीत तोच, 9 मे 1919 रोजी, मुंबईच्या रुग्णालयात टिळकांनी देह ठेविला. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहास अग्निसंस्कार देण्यात आला.

ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करावे म्हणून 1909 साली त्यांनी ख्रिस्तायन लिहावयास घेतले होते. ते आरंभीच्या अध्यायांपुढे गेले नाही. जी पत्नी एके काळी ख्रिस्ताचे नाव ऐकून शोकाने व्याकूळ झाली होती, तिने ती लेखणी उचलली, आणि पुढील चौसष्ट अध्याय लिहून ग्रंथ पुरा केला. लक्ष्मीबाई 1936 साली वारल्या. ख्रिस्तायन 1938 साली प्रसिद्ध झाले. ज्या नावाने एक घर मोडले होते, त्याच नावाची कथा त्या घरातील दोघांनी मिळून सांगितली. पण हे घडावयास एक संपूर्ण आयुष्य लागले, हे विसरू नये. कोणाच्या दुःखास आपण एका सणात उतार पाडू शकत नाही.

उपदेशक बंधूंनो, आता थोडे आपल्या कामाविषयी. आपण नाताळच्या उपासनेत देवदूतांचे गीत व मेंढपाळांचा आनंद वाचतो. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानात ह्याच कथेत पुढे काय आहे? हेरोदाने बेथलेहेमातील बाळे मारली, आणि तेथील आयांचा आकांत कोणाच्याने शांतवेना. स्वतः प्रभूच्या आईबापांना परगावी जागा मिळाली नाही, आणि नंतर बाळास घेऊन रातोरात परमुलखात पळावे लागले. म्हणजे ज्याला ह्या सणात रडू येते तो सणाच्या बाहेर पडला असे नव्हे. त्याच्यासाठीही ह्या कथेत पाने लिहिलेली आहेत. आपणच ती वाचावयाची टाळतो. ह्या वर्षी ती वाचा. आपल्या मंडळीत ह्या बारा महिन्यांत कोणाकडे मृत्यू झाला, कोणाचे आईबाप बोलत नाहीत, कोणाला कर्जाची धास्ती आहे, ह्याची मनात यादी करा, आणि त्या घरी गीते गाण्यापूर्वी एकटे जाऊन या. वर्गणी मागताना ज्याच्यापाशी नाही त्याचे नाव चारचौघांत वाचू नका. आणि ज्याच्या घरचे अजून हिंदू आहेत, त्याला त्यांच्याविषयी कडू बोलावयास शिकवू नका. टिळकांनी तसे केले असते तर लक्ष्मीबाई परत आल्या नसत्या.

त्या बंद दाराविषयी सांगावयाचे राहिले. दुसऱ्या वर्षी आम्ही तेथे ढोलकी घेऊन गेलो नाही. नाताळच्या आदल्या दिवशी, तो पाळीवर निघण्यापूर्वी, दोघेजण डबा घेऊन गेलो, त्याच्याबरोबर जेवलो आणि त्याच्या आईचे नाव घेऊन प्रार्थना केली. त्या रात्रीही तो कामावर गेलाच. त्याची आई अद्याप बोललेली नाही. परंतु निघताना त्याने दाराची किल्ली आमच्यापाशी दिली, आणि मुलांनी आपल्या दारावर तारा टांगला तर चालेल, असे सांगितले. आम्ही तो टांगला. एवढेच घडले, आणि तूर्त एवढे पुरे आहे.